‘साहेब, इथे सिगारेट नको’ असं म्हणायचं कोणी?

घरचे सगळे मिळून बाहेर जेवायला गेलेले असता. ऑर्डर देऊन झालेली असते आणि मागच्या टेबलावरून सिगारेटचा वास येतो. तुम्ही वेटरकडे बघता. वेटर मालकाकडे बघतो. मालक गल्ल्यातल्या नोटा मोजत राहतो. दिसतंय सगळ्यांना, पण बोलायचं कोणी, हे कोणालाच ठाऊक नसतं.

कायद्याला मात्र ते पक्कं ठाऊक आहे. बोलायचं मालकाने, किंवा मालकाच्या जागी जो कोणी त्या वेळी जबाबदार असेल त्याने. मॅनेजर, सुपरवायझर, गल्ल्यावर बसलेला पुतण्या, कोणीही. ओढणाऱ्याला दंड आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. पण ज्याच्या जागेत ओढलं जातं त्याच्यावरही कायद्याने काही कामं टाकली आहेत आणि ती केली नाहीत तर दंड त्यालाही होतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

म्हणून आजचा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांचं छोटं-मोठं हॉटेल, दुकान, दवाखाना, क्लास, सलून किंवा ऑफिस आहे त्यांच्यासाठी. आणि जे अशा ठिकाणी नोकरी करतात किंवा ग्राहक म्हणून जातात त्यांच्यासाठी. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच!

हा कायदा आला कुठून?

या कायद्याच्या मागे एका मुंबईकराची याचिका आहे. मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांनी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, कोर्टाच्या इमारती, सरकारी कार्यालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने का आजारी पडायचं, हा त्यातला साधा प्रश्न होता.

मग २००३ मध्ये संसदेने तंबाखू नियंत्रण कायदा केला. त्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. त्यातलं चौथं कलम सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला मनाई करतं. हे कलम १ मे २००४ पासून लागू आहे. पण नेमकं काय करायचं, बोर्ड कसा लावायचा, जबाबदार कोण, हे स्पष्ट करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवसापासून अमलात आले.

हा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळे तुमचं हॉटेल नाशिकला असो, इंदूरला, बेळगावला, बडोद्याला की हैदराबादला, पाया एकच आहे. काही राज्यांनी त्यावर आपली कडक भर घातली आहे, ती पुढे बघू.

‘माझी जागा खासगी आहे’ हे चालत नाही

पहिली गफलत इथेच होते. ‘सार्वजनिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बसस्टँड आणि सरकारी कचेरी येते. कायद्यात मात्र जिथे लोकांची ये-जा असते अशी जागा म्हणजे सार्वजनिक जागा. मग ती मालकीने खासगी का असेना. हॉटेल, बार, कॅन्टीन, लग्नाचा हॉल, मॉल, थिएटर, दवाखाना, वाचनालय, बस, टॅक्सी सगळं त्यात आलं.

२००८ च्या नियमांनी त्यात आणखी एक मोठा शब्द घातला: कामाची जागा. म्हणजे जिथे ग्राहक पाऊलही ठेवत नाही असं दहा जणांचं ऑफिससुद्धा यात येतं. त्यामुळे ‘ही माझी केबिन आहे, दार बंद करून ओढतो, कोणाला काय त्रास?’ हे मालकाचं म्हणणं टिकत नाही. केबिनही कामाच्या जागेतच आहे. एसी जर सगळ्या ऑफिसचा एकच असेल तर तो धूर अकाउंट्समधल्या बाईंच्या टेबलापर्यंत पोचतोच. ऑफिसचं टॉयलेट, जिना, लिफ्टसमोरची जागा, तळघरातलं पार्किंग, गोदाम यांनाही वेगळी सूट नाही.

मग उघड्यावर काय? मूळ कायद्याने ‘खुली जागा’ वगळली आहे. पण नियमांनी लगेच सांगितलंय की खुलं सभागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबा अशा लोकांच्या वर्दळीच्या जागा ‘खुल्या’ धरायच्या नाहीत. त्यामुळे अंगणात किंवा गच्चीवर टेबलं मांडणाऱ्या हॉटेलवाल्याने ‘वर आभाळ दिसतंय ना, मग चालतंय’ असं समजू नये. तिथेही लोक जेवायलाच येतात, आणि रेस्टॉरंट म्हणून ती जागा तुमच्याच नावावर आहे. वाद टाळायचा सोपा उपाय म्हणजे जिथे तुम्ही ताट वाढता तिथे सिगारेट नको.

मालकाची पाच कामं

आता मुद्द्याचं. नियम वाचायला किचकट वाटतात, पण कामं मोजून पाच आहेत.

१. आपल्या जागेत कोणी ओढणार नाही हे बघणं. हे सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात अवघड. बोर्ड लावला म्हणजे काम संपलं असं नाही. बोर्डाखालीच कोणी झुरके घेत असेल तर जबाबदारी तुमचीच.

२. बोर्ड लावणं, आणि तो नीट मापाचा लावणं. बोर्ड निदान ६० सेंमी बाय ३० सेंमी हवा, म्हणजे साधारण दोन फूट बाय एक फूट. पार्श्वभूमी पांढरी. मधोमध निदान १५ सेंमी व्यासाचं वर्तुळ, त्याला निदान ३ सेंमी रुंदीची लाल कड, आत सिगारेट किंवा बिडीचं चित्र, त्यातून निघणारा काळा धूर आणि त्यावर कडेइतकाच रुंद लाल पट्टा. सोबत इंग्रजीत किंवा एका भारतीय भाषेत इशारा: ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’

आता एक गोष्ट तपासा. बऱ्याच ऑफिसांमध्ये प्रिंटरवर काढलेला ए-फोर कागद सेलोटेपने चिकटवलेला असतो. ए-फोर कागद जेमतेम ३० सेंमी बाय २१ सेंमी असतो. तो मापात बसत नाही. कोपऱ्यातल्या फ्लेक्सवाल्याला माप लिहून द्या, एका दिवसात काम होतं.

बोर्ड किती लागतील? प्रत्येक प्रवेशदारावर एक. आत ठळक दिसेल अशा जागी. एकाहून जास्त मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दारापाशी. समजा, तुमचं हॉटेल दोन मजली आहे, पुढचं आणि मागचं अशी दोन दारं आहेत, एक जिना आहे. मग दोन दारांचे दोन, दोन मजल्यांचे दोन, जिन्याचा एक, असे निदान पाच बोर्ड झाले. मागचं दार हमखास विसरलं जातं, आणि स्वयंपाकघरातली मंडळी ओढायला उभी राहतात ती नेमकी तिथेच.

भाषेचं म्हणाल तर ग्राहक आणि कामगार वाचू शकतील ती भाषा निवडा. बडोद्यात गुजराती, इंदुरात हिंदी, बेळगावात कन्नड आणि मराठी. कायदा एक भाषा मागतो, दोन लावल्या तर कोणी अडवत नाही.

३. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. टेबलावर ॲशट्रे ठेवणं म्हणजे ‘ओढा’ असं न बोलता सांगणंच. ‘ओढायचं नाही’ असा बोर्ड आणि खाली ॲशट्रे, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. ‘राख फरशीवर पडते म्हणून ठेवलाय’ हे कारण चालत नाही. राख पडते याचाच अर्थ तिथे कोणीतरी ओढतंय. हॉटेलच्या हद्दीतच पानाचं काउंटर असेल तर तिथे दोरीला बांधून लटकवलेला लायटरही काढून टाका.

४. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लावणं. हे काम सगळ्यात जास्त राहून जातं. ‘मॅनेजर’ एवढंच लिहून भागत नाही, माणसाचं नाव हवं. सोबत फोन नंबर असेल तर उत्तम. तो माणूस नोकरी सोडून गेला की नाव बदला. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव भिंतीवर असेल तर तक्रार करणारा जाणार कुठे?

५. तक्रार आली की हलणं. कोणी सांगितलं की अमुक टेबलावर सिगारेट चालू आहे आणि तुम्ही काहीच केलं नाहीत, तर तुम्हाला दंड. आणि तो किती? जितक्या जणांनी नियम मोडला तितक्यांचा. म्हणजे पाच जण ओढत होते, तक्रार झाली आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत, तर पाच गुन्ह्यांइतका दंड तुमच्या नावावर.

दंड एवढासाच, मग इतका खटाटोप कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. केंद्रीय कायद्यात दंड २०० रुपयांपर्यंत आहे. २००३ साली ती रक्कम बरी वाटली असेल, आज दोन जणांच्या नाश्त्यात संपते. कर्नाटकाने दुरुस्ती करून ही मर्यादा १००० रुपयांपर्यंत नेली आहे. तरीही कोणी म्हणेल, भरू की!

पण हा हिशोब दंडापाशी थांबत नाही. तुमच्या हॉटेलात ग्राहक तास-दीड तास बसतो. धुराचा त्रास झाला तर टेबल बदलतो, नाहीतर पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. वेटर कुठे जाणार? तो रोज दहा-दहा तास तिथेच असतो. गल्ल्यावर बसणारी मुलगी गरोदर असेल तरी तिथेच असते. बारमध्ये गाणाऱ्या गायकाला तर त्याच हवेत छातीभर श्वास घेऊन गावं लागतं. यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नसतो.

अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६ च्या अहवालात यावरचं संशोधन एकत्र मांडलं आहे. घरी किंवा कामावर दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. ‘एवढ्याशा धुराने काही होत नाही’ अशी सुरक्षित पातळीच नाही, असंही तो अहवाल सांगतो.

आपल्या देशात हे किती जणांच्या वाट्याला येतं? केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये देशभर तंबाखू सर्वेक्षण केलं. त्यात बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागत असल्याचं दिसलं. दर दहामागे तीन. आणि तेव्हा नियम लागू होऊन आठ वर्षं झाली होती.

या तिघांपैकी एखादा कदाचित तुमच्याच पगारपत्रकावर असेल. तो तक्रार करत नाही याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नाही. ‘ग्राहकाला बोललास तर उद्यापासून येऊ नकोस’ ही भीती त्याला असते. ही भीती घालवणं फक्त मालकाच्या हातात आहे.

खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला, मग चालेल?

नाही. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. धूर बाहेर जात नाही, फक्त गार होतो. एक्झॉस्ट फॅनने वास कमी होतो, पण धुरातले बारीक कण आणि वायू पूर्ण जात नाहीत. ‘हा कोपरा ओढणाऱ्यांचा, तो कोपरा कुटुंबांचा’ अशी विभागणी म्हणजे कागदावरची रेघ. धुराला ती दिसत नाही.

कायद्याने वेगळ्या स्मोकिंग रूमची परवानगी फक्त तीन ठिकाणी ठेवली आहे: ३० किंवा अधिक खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा अधिक जण बसू शकतील असं रेस्टॉरंट, आणि विमानतळ. ऑफिस, मॉल, थिएटर, दवाखाना, कॉलेज यांच्यासाठी अशी सोयच नाही. तुमच्या खानावळीत २४ खुर्च्या असतील तर विषय तिथेच संपला.

३० खुर्च्या असल्या तरी नुसता पडदा लावून चालत नाही. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारं हवं आणि एरवी बंदच राहायला हवं. आतली हवा थेट इमारतीबाहेर जायला हवी, बाकीच्या भागातल्या हवेत मिसळता कामा नये. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडलं तर हवा आत ओढली जाईल, धूर बाहेर येणार नाही. ही खोली येण्या-जाण्याच्या दारापाशी नको. तिथे फक्त ओढायचं. चहा, दारू, जेवण काहीही द्यायचं नाही. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि तसा बोर्ड दारावर हवा.

या शेवटच्या अटीचा अर्थ लक्षात घ्या. खोलीत काही देताच येत नाही, म्हणजे वेटरला त्या धुरात जावंच लागत नाही. नियम करणाऱ्यांनी कामगाराचा विचार केलाय तो असा.

लॉजवाल्यांसाठी आणखी एक. ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला काही खोल्या ‘स्मोकिंग रूम’ म्हणून ठेवता येतात, पण त्या सगळ्या एकाच मजल्यावर किंवा एकाच विंगमध्ये हव्यात. तिसऱ्या मजल्यावर एक, पाचव्यावर दोन, असं चालत नाही. आणि त्यांचा धूर लॉबीत किंवा पॅसेजमध्ये येता कामा नये.

खर्चाचा अंदाज घेतला तर बहुतेक छोट्या व्यावसायिकांना एकच गोष्ट परवडते: सगळी जागा धूरमुक्त. सुदैवाने तीच सगळ्यात सोपीही आहे.

हुक्का आणि व्हेप यांना वेगळं समजू नका

हुक्क्यात तंबाखू असेल तर तेही धूम्रपानच. शिवाय स्मोकिंग रूममध्ये कुठलीच सेवा देता येत नाही म्हटल्यावर हुक्का ‘सर्व्ह’ करणंही त्यात बसत नाही. राज्यांनी तर याहून पुढे पावलं टाकली आहेत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. त्यासाठी एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. गुजरात, कर्नाटक आणि तेलंगणातही हुक्का पार्लरला बंदी आहे.

ई-सिगारेटचं तर आणखी सरळ आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तिचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात आणि साठवणूकही बंद केली आहे. पहिल्यांदा विक्री करताना सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॅफेच्या शोकेसमध्ये रंगीत व्हेप ठेवणाऱ्या तरुण मालकांनी हे नीट वाचावं.

सिगारेट विकत असाल तर

किराणा दुकान, पानटपरी, बार यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत. १८ वर्षांखालच्या मुलाला विकायचं नाही. कर्नाटकात ही मर्यादा २१ वर्षं आहे. ‘बाबांनी मागवलंय’ म्हणून आलेल्या शाळकरी मुलाच्या हातातही पाकीट द्यायचं नाही. वयाबद्दलचा बोर्ड दुकानात लावायचा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, विक्रीच करायची नाही. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट आणि बिडी विकायलाही मनाई आहे.

ग्राहकाला सांगायचं कसं?

नियम समजले. पण खरी अडचण वेगळीच असते. समोर नेहमीचं गिऱ्हाईक आहे, चांगलं बिल करतं, कदाचित गावातलं वजनदार माणूस आहे. त्याला तोंडावर ‘नको’ कसं म्हणायचं?

काही गोष्टी उपयोगी पडतात. सिगारेट पेटायच्या आधी बोला. खिशातून पाकीट बाहेर आलं की वेटरने पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता हळूच म्हणावं, “सर, आत चालत नाही. ओढायची असेल तर गेटच्या बाहेर उजवीकडे जागा आहे, तोवर तुमचं जेवण झाकून ठेवतो.” यात अपमान नाही आणि पर्यायही आहे. चारचौघांत मोठ्याने बोललं की माणूस अडून बसतो.

कायद्याचं नाव घ्या, स्वतःचं नको. “मला आवडत नाही” असं म्हटलं तर वाद होतो. “नियम आहे साहेब, दंड आम्हालाही होतो” असं म्हटलं तर बहुतेक जण समजून घेतात.

तरीही ऐकलं नाही तर वेटरने मागे व्हावं आणि ज्याचं नाव बोर्डावर आहे त्याने पुढे यावं. तो मालक असेल तर उत्तम. पुढची ऑर्डर थांबवा. बाहेर जायची विनंती करा. प्रकरण हातघाईवर येतंय असं वाटलं तर ११२ ला फोन करा. आणि एका वहीत तारीख, वेळ, काय घडलं, काय केलं, हे दोन ओळींत लिहून ठेवा. उद्या कोणी विचारलं तर तुम्ही हललात याचा तोच पुरावा.

एक सावधगिरी. ‘येथे सिगारेट ओढल्यास ५०० रुपये दंड’ असा स्वतःच्या मनाचा बोर्ड लावून पैसे घेऊ नका. दंड घ्यायचा अधिकार नियमांत नेमून दिलेल्या लोकांनाच आहे. त्यात उपनिरीक्षक आणि त्यावरचे पोलीस अधिकारी आहेत, स्टेशन मास्तर, पोस्टमास्तर, शाळेचे मुख्याध्यापक आहेत. खासगी ऑफिसात संस्थाप्रमुख, एचआर मॅनेजर किंवा प्रशासनप्रमुख यांना हा अधिकार आहे. म्हणजे तुम्ही एचआरमध्ये असाल तर ‘हे माझं काम नाही’ म्हणायची सोय राहिलेली नाही! दंड घेतला तर पावती द्यायची, आणि रक्कम सरकारजमा करायची.

गिऱ्हाईक तुटेल का?

ही भीती जगभर होती. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये पबसह सगळ्या कामाच्या जागांवर बंदी घातली तेव्हा पबवाले हेच म्हणत होते. नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेगवेगळ्या देशांचे अभ्यास तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष काढला की धूरमुक्त धोरणामुळे रेस्टॉरंट आणि बारचा धंदा घटत नाही.

आपल्याकडे तर हिशोब आणखी सोपा आहे. याच सर्वेक्षणानुसार देशातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. म्हणजे दहापैकी जवळपास नऊ जण ओढतच नाहीत. आणि जेवायला येणारं कुटुंब लहान मुलांना, आजी-आजोबांना घेऊन येतं. एका टेबलाला राखताना तुम्ही बाकीच्या नऊ टेबलांना नाराज करत असाल तर तोटा कोणाचा?

तुमच्याकडे काम करणारे ओढत असतील तर

त्यांना चोरासारखं वागवू नका. व्यसन आहे ते, एका नोटिशीने जात नाही. त्यांना नीट सांगा की कामाच्या जागेत, जिन्यात, मागच्या दारात ओढायचं नाही. सुट्टीच्या वेळेत आवाराबाहेर जायचं. दाराच्या उंबऱ्यावर किंवा खिडकीखाली उभं राहिलं तर धूर आतच येतो, हेही सांगा. आणि हाच नियम मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांनाही लावा. साहेब केबिनमध्ये ओढतात आणि शिपायाला मेमो मिळतो, असं झालं तर तो नियम कोणीच मनावर घेणार नाही.

सोडायची इच्छा असेल त्यांच्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. हा नंबर तक्रारीच्या बोर्डाशेजारी लावा. ‘ओढू नका’ सांगणाऱ्या भिंतीवर ‘सोडायला मदत मिळते’ हेही लिहिलेलं असावं.

आणि तुम्ही ग्राहक असाल तर

सरळ ओढणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. आधी बोर्डावरचं नाव शोधा. नाव नसेल तर मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे म्हणा, “मी तक्रार करतोय, तुम्ही नियमाप्रमाणे काय करणार?” या एका वाक्याने जबाबदारी त्याच्याकडे जाते, कारण आता त्याने काही केलं नाही तर दंड त्याला आहे. काहीच हालचाल झाली नाही तर पोलिसांत कळवा. आणि मॅनेजरने खरंच त्या माणसाला बाहेर पाठवलं तर जाताना त्याला ‘थँक यू’ म्हणायला विसरू नका. गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणायला धाडस लागतं, ते कोणाच्या तरी नजरेत आलं हे त्याला कळू द्या.

उद्या सकाळी शटर वर केलंत, ऑफिसात शिरलात की पाच मिनिटं काढा. दारं मोजा, बोर्ड मोजा. ड्रॉवरमधले ॲशट्रे काढा. बोर्डावर नाव आहे का, आणि तो माणूस अजून तुमच्याकडेच आहे का ते बघा. मग सगळ्या कामगारांना एकत्र बोलवून एवढंच सांगा: “कोणी आत सिगारेट पेटवली तर त्याला थांबवा. गिऱ्हाईक गेलं तरी तुमची नोकरी जाणार नाही.” फ्लेक्सचा बोर्ड कोणीही लावेल. हे वाक्य मात्र मालकालाच बोलावं लागतं.